टॅब घेण्याआधी: अनुदानावर चालणारा शाळेतला तंत्रज्ञान प्रकल्प उभा करताना

पुण्यात कंपन्या भरपूर, संस्था भरपूर, आणि तासा-दोन तासांच्या अंतरावर वेल्हे, भोर, मुळशी, आंबेगावच्या शाळा. त्यामुळे 'टॅब देऊ या' असा विचार इथे पटकन जमून येतो. पुढे दोन वर्षांनी त्याच शाळेत गेलं की टॅब कपाटात असतात आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या गुरुजींकडे असते. हे टाळता येतं. अट एकच: टॅब नादुरुस्त झाला तर कोण बघणार, तो आठवड्यात कुठल्या तासिकेला वापरायचा आणि बघणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरं अनुदानाच्या अर्जातच असली पाहिजेत. अर्ज मंजूर झाल्यावर ती घुसवता येत नाहीत, कारण तोवर अंदाजपत्रक गोठलेलं असतं.

पुढचं सगळं एक नमुना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे: जिल्हा परिषदेच्या १२ शाळा, इयत्ता तिसरी ते पाचवी, प्रत्येक शाळेत १५ टॅब, मुदत १८ महिने.

पैसा कुठून येतो, त्यावर काय अटी येतात

पुण्यातल्या बहुतेक लहान-मध्यम संस्थांना हा पैसा सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारी निधीतून मिळतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. संस्थेकडे प्राप्तिकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा, आणि १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून मिळणारा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक हवा. हा क्रमांक नसेल तर बोलणी कितीही पुढे गेलेली असोत, कंपनीचा वित्त विभाग पैसे सोडत नाही. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज आधी मार्गी लावा. जुनेच विश्वस्त कागदोपत्री दिसत असतील तर पडताळणीत फाइल तिथेच अडते.

आता खरी मेख. कंपनीचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, शाळेचं वर्ष जूनच्या मध्याला सुरू होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपनीकडून फोन येतो: 'निधी शिल्लक आहे, महिनाभरात खर्च दाखवाल का?' इथे हो म्हणून टॅब घेतले की घोळ सुरू होतो. टॅबची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात. २५ मार्चला घेतलेला टॅब ऑगस्टमध्ये मुलाच्या हातात पडला तर एका वर्षातले चार-पाच महिने खोक्यातच गेले. शिवाय कंपनीने संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला असं कायदा मानत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरावे लागतात आणि तसं कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं.

यावर सरळ उपाय कायद्यातच आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला 'चालू प्रकल्प' म्हणून मान्यता दिली तर उरलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खर्च-न-झालेल्या सीएसआर खात्यात ठेवता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. पहिल्या बैठकीतच विचारा: 'आमचा प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून मांडाल ना?' हा प्रश्न ऐकल्यावर समोरच्यालाही कळतं की काम माहीत असलेल्या माणसांशी गाठ आहे.

दुसरा गैरसमज पाच टक्क्यांचा. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या, देखरेख करणाऱ्या माणसांचा पगार त्यात येत नाही. पण कंपनीकडून बोलणारी व्यक्ती नवी असेल तर तुमच्या समन्वयकाचा पगार 'प्रशासकीय' म्हणून कापायला बघते. अंदाजपत्रकात त्या ओळीला 'शाळा भेटी व शिक्षक साहाय्य' असं कामाचं नाव द्या, आणि महिन्याला किती भेटी ते शेजारी लिहा.

परदेशी देणगी असेल तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी हवी, पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. म्हणजे गावातल्या भागीदार संस्थेमार्फत काम करायचा बेत असेल तर तो या पैशावर बसत नाही.

शाळा निवडताना

हिंजवडी, चाकण, रांजणगावच्या आसपासच्या, गाडी दारापर्यंत जाणाऱ्या शाळांकडे सगळ्याच कंपन्यांचा ओढा असतो. अशा शाळेत गेलात तर मुख्याध्यापकांना डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, दाखवायला सांगा. आधी कुणी प्रोजेक्टर, एलईडी, टॅब दिलेत का आणि त्यांची आजची स्थिती काय, ते त्यात आणि कपाटात मिळून दिसतं. तीन देणग्या पडून असलेल्या शाळेला चौथी देऊ नका. तिथे फार तर जुनी उपकरणं दुरुस्त करून द्या.

प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन चार गोष्टी बघायच्या. वीजबिल थकलंय का आणि मीटर चालू आहे का. वर्गाचं दार-खिडक्या बंद करून, आतल्या भिंतीपाशी उभं राहून मोबाइलला कुठल्या कंपनीची रेंज येते. पटांगणातली रेंज कामाची नाही. पावसाळ्यात कुठली भिंत ओली होते. वेल्हे-मुळशीकडे हे उन्हाळ्यात कळत नाही, त्यामुळे गावातल्या माणसालाच विचारा. आणि शिक्षक किती. द्विशिक्षकी शाळेत एकजण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे सगळ्या इयत्ता येतात, त्या दिवशी टॅब निघत नाही. हे आराखड्यात धरा.

परवानगीचा मार्ग ठरलेला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना पत्र, सोबत शाळांची यादी यूडायस क्रमांकासह (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), प्रत गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांना. शहरातल्या शाळा असतील तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे. आवक क्रमांक टाकलेली पोच घ्या. नुसत्या तोंडी 'चालू करा'वर अवलंबून राहू नका. सामंजस्य करार मुख्याध्यापकांच्या नावावर थांबवू नका, त्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत जोडा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होत राहतात. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि ते गावातच राहतात. त्याच कारणाने प्रशिक्षण प्रत्येक शाळेतल्या किमान दोघांना द्यायचं, आणि समितीतल्या एखाद्या तरुण पालकाला चार्जिंग पेटीचं काम शिकवून ठेवायचं.

अंदाजपत्रक

भाव बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले समजा. शाळांचे १८० टॅब, वर सुटे २०, असे २०० टॅब, १८ टक्के जीएसटी धरून १२,००० रुपयांप्रमाणे २४ लाख. सुटे टॅब चैनीचे नाहीत. एक टॅब दुरुस्तीला गेला की बदली टॅब त्याच आठवड्यात मिळाला नाही, तर एका मुलाची सवय तुटते आणि शिक्षकाचा विश्वासही. जाड रबरी कव्हर आणि काच १.४ लाख, चार्जिंग पेट्या १.०८ लाख, ऑफलाइन सर्व्हर व राउटर १३ संच (एक सुटा) १.५६ लाख, इन्व्हर्टर-बॅटरी ३ लाख, वायरिंग व अर्थिंग ०.९६ लाख. यंत्रांचे झाले ३२ लाख.

आता माणसं. प्रकल्प प्रमुख ५०,००० रुपयांवर, दोन क्षेत्र समन्वयक २५,००० वर, एक तंत्रज्ञ २२,००० वर, १८ महिने: २१.९६ लाख. तिघांचा दुचाकीचा प्रवास ३.२४ लाख. प्रशिक्षण १.८ लाख, आधीची आणि नंतरची चाचणी ३ लाख, यंत्रांच्या किमतीच्या ८ टक्के दुरुस्ती निधी २.५६ लाख, लेखापरीक्षण ०.६ लाख. बेरीज ६५.१६ लाख, यंत्रांचा वाटा निम्म्याच्या आत. हे प्रमाण उलटं होऊन यंत्रं ८० टक्क्यांवर गेलेली दिसली, तर तो प्रस्ताव खरेदीचा आहे, शिक्षणाचा नाही, असं आमचं स्पष्ट मत. देणगीदार रक्कम कमी करायला सांगेल तेव्हा शाळा १२ च्या ९ करा, पण तंत्रज्ञ आणि दुरुस्ती निधीला हात लावू नका.

पेरूमध्ये 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेचा अभ्यास झाला. लॅपटॉप पोचले, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक सापडला नाही. दिल्लीत माइंडस्पार्क या संगणक-साहाय्यित अभ्यासाच्या चाचणीत, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी (मुलांच्या गुणांतल्या फरकाचं संख्याशास्त्रीय माप) वाढ दिसली. तिथे मूल ज्या पातळीवर आहे त्या पातळीचे प्रश्न त्याला मिळत होते, आणि ठरलेल्या वेळी केंद्रात माणूस हजर होता. कंपनीच्या समितीपुढे मांडणी करताना ही दोन उदाहरणं शेजारी-शेजारी ठेवा. माणसांचा खर्च का, हे वेगळं पटवावं लागत नाही.

वीज आणि यंत्रं

८ इंची टॅबची ५,००० एमएएच बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. चार्जिंगमधली गळती धरून २५ धरा. १५ टॅबना ३७५, सर्व्हर-राउटर पाच तास चालवायला ७५, एकूण ४५० वॅट-तास. १२ व्होल्टच्या १५० एएच बॅटरीत कागदावर १,८०० असतात, पण निम्म्याहून जास्त उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून ९००, त्यातून इन्व्हर्टरची गळती वजा जाता ७५० च्या आसपास हाती लागतात. एका दिवसाला पुरून उरतात. भारनियमन किंवा वादळाने दोन दिवस वीज गेली तर दुसऱ्या दिवशी पुरणार नाही, हे शिक्षकांना आधीच सांगा.

वायरमनकडून मल्टिमीटर लावून घ्या. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ ५ च्या आत असावं. अर्थिंगच नसलेल्या शाळा सापडतात. तिथे लोखंडी चार्जिंग पेटी बसवणं धोक्याचं आहे. आधी अर्थिंगचा खड्डा, मग पेटी.

टॅब टाइप-सी जोडणीचाच घ्या. जुन्या मायक्रो-यूएसबीत मुलं पिन उलटी दाबून घुसवतात आणि पोर्ट आतून मोडतो. तरीही पोर्ट हाच सगळ्यात नाजूक भाग राहतो. 'चार्ज होत नाही' अशी तक्रार आली की तंत्रज्ञाने टॅब उचलून पुण्याला आणू नये. मोबाइलच्या टॉर्चने पोर्टात बघावं. बऱ्याचदा तिथे खडूची भुकटी आणि दप्तरातली माती घट्ट बसलेली असते, पिन पूर्ण आत जात नाही. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने ती हळूच कोरून काढली की काम होतं. सुई किंवा टाचणी कधीही घालायची नाही, आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात. ही दहा मिनिटांची गोष्ट प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाच्या हाताने करून घ्या. केबल, अॅडॅप्टर, फ्यूज यांचा साठा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घाऊक घेता येतो, पण पक्कं बिल घ्या. टॅब मात्र अधिकृत वितरकाकडूनच, तीन दरपत्रकं मागवून, आणि वॉरंटी शाळेत बसवल्याच्या तारखेपासून धरण्याची अट खरेदी आदेशात लिहून.

वाटपाआधी प्रत्येक टॅबवर नियंत्रण प्रणाली टाकायची, म्हणजे ठरलेली अॅपच उघडतील. हेडविंड एमडीएमसारखी मुक्त स्रोत प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. सगळे टॅब संस्थेच्याच खात्यावर नोंदवा आणि पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक गुगल खात्यावर नोंदवलेला टॅब कुणी रीसेट केला की तो जुनं खातं मागतो. तो कर्मचारी नोकरी सोडून गेला असेल तर टॅब तिथेच बंद पडतो.

नंबरचं स्टिकर मागे लावू नका, कव्हर काढता-घालताना ते निघतं. मागच्या बाजूला कोरून घ्या आणि तोच नंबर कव्हरच्या आतून पक्क्या मार्करने लिहा. पेटीतल्या खाचेवरही तोच नंबर. शाळा सुटताना सात नंबरची खाच रिकामी असेल तर ती लगेच डोळ्यात भरते. पंधरा टॅब मोजत बसावं लागत नाही.

रेंज नसलेल्या शाळेत रास्पबेरी पाय संगणकावर कोलिब्रीसारखी ऑफलाइन प्रणाली चांगली चालते. वीज अचानक गेली की त्यातलं मेमरी कार्ड बिघडतं. म्हणून सर्व्हर नेहमी इन्व्हर्टरवरच जोडा, आणि तयार कार्डाची एक प्रत चिकटपट्टीने पेटीच्या आत लावून ठेवा. फोनवरून सांगितलं तरी शिक्षक कार्ड बदलू शकतात.

साहित्य निवडताना पाठ्यपुस्तकाशी सांगड नसेल तर शिक्षक वापरत नाहीत. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य आहे, सुरुवात तिथून करा. पुस्तकाची पानं स्वतःच्या अॅपमध्ये घालायची असतील तर हक्क बालभारतीकडे आहेत. सेनापती बापट रस्त्यावरच्या कार्यालयात अर्ज करून लेखी परवानगी घ्या.

वर्षभराचं वेळापत्रक

जानेवारी ते मार्च शाळा निवड, परवानग्या आणि कंपनीशी बोलणी. एप्रिलमध्ये करार, मेमध्ये वायरिंग आणि खरेदी. जूनच्या उत्तरार्धात काहीही वाटू नका, आधी चाचणी घ्या. टॅब हातात पडल्यावर घेतलेली 'आधीची' चाचणी मूल्यमापनात बाद ठरते. चाचणी त्या शाळेच्या शिक्षकांनी घ्यायची नाही, आणि टॅब नसलेल्या सारख्याच पाच-सहा शाळांतही तीच घ्यायची. जुलैत शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, वाटप जुलैअखेर, आणि चार शाळांत आधी, बाकी आठ तीन आठवड्यांनी. पहिल्या चार शाळांत निघालेल्या अडचणी उरलेल्या आठांत टाळता येतात. दिवाळीच्या सुट्टीत सगळे टॅब एकदा तपासून घ्या. निवडणूक किंवा सर्वेक्षणाच्या कामाला शिक्षक गेले की दोन-तीन आठवडे वापर शून्यावर येतो. अहवालात तो काळ कारणासह लिहा. नंतरची चाचणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या गडबडीआधी.

मेच्या सुट्टीत टॅब चार्जिंगला लावून ठेवले तर बॅटऱ्या फुगतात. ५० टक्क्यांवर आणून, बंद करून, पेटीचा मुख्य बटण बंद करून ठेवायचे.

मोजायचं काय? लॉगिनची संख्या नको. आठवड्याला प्रत्येक मुलाचे किती मिनिटं वापर झाला आणि किती मुलं सलग तीन आठवडे ६० मिनिटांच्या खाली आहेत, एवढे दोन आकडे समन्वयकाने दर शुक्रवारी काढावेत. खाली गेलेल्या शाळेत सोमवारीच जावं.

मुलांच्या माहितीबाबत हयगय नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. संमतीपत्र मराठीत असावं, पालक सभेत मोठ्याने वाचून दाखवावं. आधार क्रमांक घ्यायचं काहीच कारण नाही. अॅपमध्ये मुलाचं नाव न टाकता सांकेतिक क्रमांक टाका. नाव-क्रमांकाची यादी शाळेतच कुलपात.

हिशेब

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र खातं, पहिल्या दिवशीच उघडा. प्रत्येक बिलावर प्रकल्पाच्या नावाचा शिक्का, म्हणजे एकच बिल दोन देणगीदारांना दाखवलं जात नाही. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका. वायरमन रोखच मागतो, त्याला आधीच सांगून ठेवा. टीडीएस कापायचा राहिला तर भुर्दंड संस्थेच्या खिशातून जातो, कुठलाही देणगीदार तो देत नाही. हप्ते तीन असतील तर दुसरा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय येत नाही आणि प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीशिवाय होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लेखापाल इतर संस्थांच्या कामात बुडालेले असतात. त्यांची वेळ महिनाभर आधी घ्या आणि तीन महिन्यांच्या पगाराची सोय संस्थेकडे असू द्या. पगार दोन महिने थांबला की चांगला समन्वयक जातो, आणि त्याच्याबरोबर बारा गावांची ओळख जाते.

शाळेच्या हवाली करताना

सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थी गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी लागते. जिल्हा परिषद शाळेला देणार असाल तर हस्तांतरण पत्रावर प्रत्येक टॅबचा नंबर, आयएमईआय आणि स्थिती लिहा, आणि डेडस्टॉक रजिस्टरमधल्या नोंदीच्या पानाचा फोटो फाइलला लावा. शेवटच्या सहा महिन्यांत ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीसोबत बसून वीजबिल आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कोण करणार याचा ठराव करून घ्या. बंद पडलेले टॅब शाळेत सोडू नका; ते अधिकृत ई-कचरा पुनर्वापरकर्त्याकडे देऊन पावती घ्या. प्रत्येक शाळेत एक पेटी ठेवून या: चार केबल, दोन अॅडॅप्टर, एक सुटं मेमरी कार्ड, टूथपिकची डबी, पासवर्डचं बंद पाकीट आणि जवळच्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याचा नंबर. या दुरुस्तीवाल्याला प्रकल्प चालू असतानाच चार-पाच टॅब दुरुस्तीला देऊन बघितलेलं असावं.